शॉक घ्यायच्या आधी गाडी किती बसते ते बघा

आरसी क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणारी, दगडधोंड्यांवरून मुंगीच्या वेगाने चढणारी छोटी जीप, हिच्याबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी या वेळी शॉकचेच, म्हणजे चाकाजवळच्या स्प्रिंगवाल्या शॉक ॲब्सॉर्बरचेच, प्रश्न एकत्र घेतलेत. प्रश्न वेगवेगळे दिसतात पण मुळात एकाच ठिकाणी अडकलेत, म्हणून आधी पहिलं उत्तर वाचा आणि मग आपापलं.

प्रश्न: नमस्कार. मी वर्तकनगरला राहतो. माझ्याकडे ट्रॅक्सस कंपनीची टीआरएक्स ४ क्रॉलर आहे, शॉक कंपनीचेच. दगडावर एक चाक चढलं की समोरच्या कोपऱ्यातलं चाक हवेत जातं. आता ११० मिमीचे ॲल्युमिनियमचे शॉक घ्यायचा विचार आहे, बाजूला गॅसची डबी असलेले. घेऊ का? आणि तेल कुठलं टाकू?

अजून पैसे भरले नसतील तर आठवडाभर थांबा, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

चाक हवेत जातं याचा अर्थ शॉक आखूड आहे असाच होत नाही, बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा असतो की गाडी उभी असताना शॉक जवळजवळ पूर्ण उघडलेलाच आहे, मग चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. क्रॉलरच्या शॉकचं काम धक्के खाणं हे दुय्यम. रेसिंगच्या गाडीला ते लागतं कारण ती उड्या मारते, आपली गाडी माणसाच्या चालीपेक्षा हळू जाते, तिथे शॉकचं खरं काम म्हणजे चारही टायर दगडाला चिकटून ठेवणं, खड्डा आला की चाक खाली सोडणं. त्यासाठी गाडी आधी स्वतःच्या वजनाने थोडी बसलेली हवी. याला सॅग म्हणतात.

मोजायला अर्धा तास पुरतो. बॅटरी आणि बॉडी लावून गाडी सपाट फरशीवर ठेवा, दोनदा दाबून सोडा, थोडी पुढेमागे ढकला म्हणजे टायर अडकून बसणार नाहीत. आता वर्निअरने किंवा साध्या पट्टीने शॉकच्या वरच्या स्क्रूच्या मध्यापासून खालच्या स्क्रूच्या मध्यापर्यंत अंतर मोजा. मग गाडी उचलून चाकं लोंबकळू द्या आणि परत मोजा. समजा लोंबकळताना ९० मिमी आलं आणि बसल्यावर ८६, म्हणजे सॅग झाला ४ मिमी. आता एका शॉकची स्प्रिंग काढून तो हाताने पूर्ण दाबा, समजा ६२ मिमीला थांबला, म्हणजे एकूण चाल २८ मिमी. २८ पैकी ४ म्हणजे काहीच नाही, गाडी काठीवर उभी असल्यासारखी उभी आहे. मी पुढच्या शॉकला एकूण चालीच्या साधारण ४० टक्के ठेवतो आणि मागच्या शॉकला तिसरा हिस्सा, कारण चढावर वजन मागे सरकतं, मागचं फार मऊ असेल तर गाडी ढुंगण टेकवते आणि नाक वर करते. दुसरा कोणी वेगळे आकडे सांगेल, सांगू दे, पण मोजल्याशिवाय सांगत असेल तर ऐकू नका.

सॅग कमी आला तर आधी प्रीलोडची रिंग, म्हणजे शॉकवर स्प्रिंगला दाबून धरणारी आट्यांची रिंग, सैल करा. इथे एक गैरसमज फार पसरलाय की रिंग घट्ट केली की स्प्रिंग कडक होते. नाही होत. स्प्रिंग तीच, तिचा कडकपणा तोच, फक्त गाडीची उंची वरखाली होते. रिंग पूर्ण सैल करूनही गाडी बसत नसेल तर मऊ स्प्रिंग घ्या, चार स्प्रिंगचा सेट हा चार शॉकपेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. घेताना तारेची जाडी बघा, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे बाकी सगळं सारखं असलं तरी १ मिमीच्या तारेपेक्षा १.२ मिमीची तार दुपटीने कडक. डोळ्याला हा फरक दिसतही नाही, हाताला लगेच कळतो.

आता ११० मिमीचं. लांब शॉक लावला की गाडी उंच होते, बाजूच्या उतारावर लवकर पलटते, प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सपासून ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या फिरत्या दांड्याचा, कोन वाढतो. मी हे एकदा करून बसलोय. गच्चीवर ठीक चालली, पहिल्याच खऱ्या दगडावर पुढचं चाक पूर्ण खाली गेलं आणि शाफ्टचे एकात एक सरकणारे दोन भाग चक्क वेगळे झाले. तेव्हा शॉकची लांबी ठरवताना सगळ्या स्प्रिंगा काढा, एक चाक पूर्ण वर आणि दुसरं पूर्ण खाली अशा स्थितीत शाफ्ट हाताने फिरवून बघा, अडकतोय का, सुटतोय का, टायर मडगार्डला घासतोय का. मग स्टिअरिंग दोन्हीकडे वळवून परत बघा. तुमच्या गाडीला ९० ते १०० च्या मधलंच काहीतरी बसेल असं मला वाटतं. लांबी जास्त झालीच तर शॉक उघडून पिस्टनच्या खाली, म्हणजे आतल्या बाजूला, दांड्यावर प्लास्टिकच्या नळीचा छोटा तुकडा घाला, तेवढा शॉक कमी उघडेल. तोच तुकडा बाहेरच्या बाजूला दांड्यावर घातला तर शॉक कमी दाबला जाईल. हे दोन तुकडे घालणं म्हणजे शॉकमधलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम आहे.

बाजूच्या डबीबद्दल खरं सांगतो, बऱ्याच स्वस्त शॉकमध्ये ती नुसती शोभेची असते, आत ना तेल जातं ना गॅस. गाडी खऱ्यासारखी दिसावी म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, स्केल गाडीत दिसणं हाही छंदाचाच भाग आहे, मलाही आवडतं. फक्त त्यासाठी चढण सुधारेल असं धरून पैसे घालू नका. तेलाचं शेवटच्या उत्तरात बघा.

आणि एक विनंती. वर्तकनगरहून येऊर जवळ आहे, मोह होतो, पण येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथे आत जाऊन दगड हलवून ट्रॅक करू नका. गच्चीवर किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात काळ्या दगडाचा ढीग रचा, आपला सह्याद्रीचा बेसाल्ट खरखरीत असतो, टायर छान पकडतो, चाचणीला आठ-दहा दगड भरपूर झाले.

प्रश्न: काका, मी कळव्याला राहतो, आठवीत आहे. माझी एससीएक्स २४ आहे, ॲक्सियल कंपनीची छोटी १:२४ क्रॉलर. ती फार कडक होती म्हणून मी स्प्रिंगचे दोन वेढे कापले. गाडी खाली बसली पण अजून उड्या मारत चालते. अजून दोन कापू का? मित्र म्हणतो बॉलपेनची स्प्रिंग लाव.

अजून कापू नकोस रे. तू स्वतः हात घालून बघतोयस हे मला फार आवडलं, म्हणून नीट समजावतो.

स्प्रिंग कापली की ती मऊ होत नाही, कडक होते. विचार कर, दहा वेढ्यांची स्प्रिंग १० मिमी दाबली तर प्रत्येक वेढ्याच्या वाट्याला १ मिमी येतो. पाचच वेढे असतील तर तेवढ्याच १० मिमीसाठी प्रत्येकाला २ मिमी दबावं लागतं, मग जोर दुप्पट. तुझी गाडी खाली बसली कारण स्प्रिंगची लांबी कमी झाली, आधी ती शॉकमध्ये कोंबून बसवलेली होती तो ताण गेला. म्हणजे गाडी बसली पण स्प्रिंग आधीपेक्षा ताठ झाली, आणि तुला वाटलं मऊ झाली. उड्या मारायचं कारण हे, आणि दुसरं कारण असं की तुझ्या गाडीच्या मूळ शॉकमध्ये तेल नसतंच, नुसता दांडा आणि स्प्रिंग, मग स्प्रिंग परत येताना तिला अडवणारं कोणी नाही.

पेनची स्प्रिंग लावून बघायला हरकत नाही, पण पेनापेनाची तार वेगळी असते. चार सारख्याच पेनांच्या घे आणि बोटात दाबून बघ, मूळ स्प्रिंगपेक्षा मऊ लागली तरच लाव. दांड्यावर जाडसर सिलिकॉन ग्रीसचा अगदी थेंबभर लेप दे, घट्ट ग्रीसमुळे स्प्रिंग हळू परत येते, तेल नसलेल्या शॉकला एवढं तरी करता येतं. पुढे कधी वाढदिवसाला मागायचंच असेल तर या गाडीसाठी तेलाचे छोटे शॉक मिळतात ते माग.

त्याहून मोठा फरक वजनाने पडेल. चाकांच्या आत बसणाऱ्या पितळेच्या रिंगा लाव, पुढच्या दोन चाकांपासून सुरू कर. वजन चाकात असलं की ते स्प्रिंगवर येत नाही, सरळ जमिनीवर जातं, गाडी खालून जड होते आणि पलटत नाही. कोणी शिशाचे तुकडे दिले तर मात्र घेऊ नकोस, शिसं हाताला लागून पोटात जाणं चांगलं नाही. आणि कापलेल्या स्प्रिंगा टाकू नकोस, डबीत ठेव, पुढच्या पत्रात तशाच कापलेल्या स्प्रिंगचा उपयोग सांगितलाय.

प्रश्न: मी ऐरोलीहून लिहितेय. मी आणि माझा भाऊ मिळून ॲक्सियलचीच मोठी क्रॉलर, एससीएक्स १० टू, चालवतो, त्यावर हार्ड बॉडी, रूफ कॅरिअर, कॅरिअरवर छोटे डबे, दोरी, सगळं लावलंय. चढावर थ्रॉटल दिला की गाडी नेहमी एकाच बाजूला झुकते आणि त्या बाजूला पडते. दुकानदाराने सांगितलं शॉक बदला. बदलले, तरी तेच. आता काय?

ताई, शॉक खराब नव्हते. ही मोटरच्या पिळाची करामत आहे. मोटर शाफ्टला पीळ देते तेव्हा शाफ्टच्या उलट दिशेने गाडीचा सांगाडाही पिळला जातो. दगडात चाक अडकलं, थ्रॉटल वाढवला, की तो पीळ सगळा सस्पेन्शनवर येतो आणि एका बाजूची स्प्रिंग दबते. नेहमी एकच बाजू झुकते हीच त्याची खूण. तुमच्या गाडीचा ॲक्सल सरळ आहे. टीआरएक्स ४ मध्ये पोर्टल ॲक्सल असतो, म्हणजे शेवटचे गिअर चाकाजवळ असतात, त्यामुळे शाफ्टवर पीळ कमी येतो आणि ही तक्रारही कमी दिसते. तुमच्याकडे तो पर्याय नाही म्हणून स्प्रिंगवरच काम करायचं.

खात्री करून घ्या. पुढचं चाक भिंतीला टेकवा, भावाला मागून बघायला सांगा, आणि अगदी हळू थ्रॉटल द्या, क्षणभरच, मोटर अडवून धरू नका. मागची जी बाजू खाली बसेल त्या बाजूच्या प्रीलोडची रिंग दोन-तीन आटे घट्ट करा, दुसरी बाजू तशीच. गाडी उभी असताना एक-दोन मिलिमीटर तिरकी दिसेल, दिसू दे. पुरत नसेल तर फक्त त्या एका शॉकला थोडी कडक स्प्रिंग टाका, आणि इथेच मघाच्या मुलासारखी एखादा वेढा कापलेली स्प्रिंग कामाला येते, कारण आपल्याला ताठच हवीये. लांबी कमी झाली ती रिंगने भरून काढायची.

पण हे सगळं नंतर. आधी ते कॅरिअरवरचं सामान उतरवून एकदा चालवा. छपरावर ठेवलेले १०० ग्रॅम आणि ॲक्सलवर ठेवलेले १०० ग्रॅम यांचा हिशोब एकदम उलट आहे, छपरावरचं प्रत्येक ग्रॅम गाडीला पाडायला बघतं आणि स्प्रिंगही दाबतं, ॲक्सलवरचं गाडीला धरून ठेवतं आणि स्प्रिंगला त्याचा पत्ताही नसतो. तुमचं सामान प्रेमाने जमवलेलं आहे हे पत्रातून कळतं, काढून टाका असं म्हणवत नाही, पण आतून पोकळ, हलकं सामान ठेवा, आणि पुढच्या ॲक्सलला पितळेचे नकल, म्हणजे ॲक्सलच्या टोकाला चाक वळवणारे भाग, लावले तर वरचं वजन थोडं भरून निघेल.

शॉकचा वरचा स्क्रू कुठल्या भोकात आहे तेही बघा. तिथे दोन-चार भोकं असतात. शॉक जितका आडवा लावाल तितका चाकाला तो मऊ वाटतो, आणि हे थोडंथोडकं नाही, शॉक उभ्यापासून ४५ अंश कलला तर तीच स्प्रिंग चाकाजवळ निम्म्यावर येते. तुमची गाडी जड आहे, तेव्हा मागचे दोन्ही शॉक एक भोक उभे करा, नवीन काही न घेता गाडी ताठ होईल.

प्रश्न: खारघर. माझ्याकडे डब्ल्यूपीएल कंपनीचा १:१६ ट्रक आहे, पाट्यांच्या स्प्रिंगचा. त्याला कॉइलचे शॉक लावू का?

लावू नका, पाट्यांतच मजा आहे. गाडीचं वजन पाटे उचलतात, शॉकने फक्त त्यांची उसळी थांबवायची. सगळ्यात आधी पाट्यांच्या गठ्ठ्यातला एक पाटा कमी करून बघा, सगळ्यात लांब जो मुख्य असतो तो सोडून. उरलेल्या पाट्यांमध्ये सिलिकॉन ग्रीसचा हात फिरवा. एवढ्यानेही दगडावर चाक झुकायला लागतं. ट्रक मोकळा असताना मऊ आणि माल भरल्यावर बरोबर, असं जमलं की थांबा.

प्रश्न: मी बेलापूरला राहतो. शॉकचं तेल महाग वाटतं म्हणून खोबरेल तेल भरलं होतं, एकाने शिलाई मशीनचं सुचवलंय. शिवाय पावसाळ्यात पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी चालवली तेव्हा शॉकमधून दुधासारखं पांढरं काहीतरी आलं. ३० वेट आणि ३५० सीएसटी हे एकच का? आणि तेल भरल्यावर शॉक पूर्ण दाबलाच जात नाही, काय चुकतंय?

क्रमाने घेतो.

खोबरेल तेल लगेच काढा. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, जानेवारीत सकाळी बाथरूममधली बाटली पांढरी होते ती आपण सगळ्यांनी शेगडीजवळ ठेवलेली आहे, तेच तुमच्या शॉकमध्ये होणार. आणि मे महिन्यात ते पाण्यासारखं. शिलाई मशीनचं तेल गोठणार नाही पण ते शॉकसाठी फारच पातळ, आणि खनिज तेलाने सिलिकॉनच्या ओ-रिंगा, म्हणजे दांड्याभोवती तेल अडवणाऱ्या गोल रिंगा, फुगून बाद होतात. सिलिकॉन तेलच वापरा, कारण उन्हाळ्या-हिवाळ्यात त्याचा घट्टपणा बाकी तेलांपेक्षा कमी बदलतो. एक छोटी बाटली घेतली तर चार शॉक कितीतरी वेळा भरता येतात, त्या हिशोबाने महाग नाहीये.

३० वेट म्हणजे साधारण ३५० सीएसटी हे बरोबर, पण वेटचा आकडा प्रत्येक कंपनीचा थोडा वेगळा पडतो, सीएसटी, म्हणजे सेंटीस्टोक, हे तेलाच्या घट्टपणाचं खरं माप, बाटलीवर तेच बघा. १:१० क्रॉलरला मी ३५० पासून सुरुवात करतो. गाडी हाताने दाबून सोडा, एकदाच सावकाश वर येऊन थांबली तर झालं. वर येऊन परत डुलली तर तेल पातळ, ४० वेट घ्या. दगडावरून उतरल्यावर चाक खाली यायला वेळ लावत असेल तर तेल घट्ट. आपल्या वेगाला तेलाचा जोर तसाही कमी लागतो, तेलाचा विरोध पिस्टनच्या वेगावर असतो आणि आपला पिस्टन सरपटतो, म्हणून तेलाच्या आकड्यावरून रात्री जागवू नका, स्प्रिंग आणि वजन आधी.

पांढरं दूध म्हणजे तेलात पाणी शिरलंय. ओ-रिंग झिजली असेल किंवा दांड्यावर चरे पडले असतील. दांडा बोटाच्या नखाने तपासा, नख अडकलं तर दांडा बदला, नाहीतर नवी रिंगही आठवड्यात कापली जाईल. रिंगा हॉबीच्या दुकानात मिळतातच, नाहीतर जुनी रिंग आणि दांडा घेऊन रबाळे एमआयडीसी किंवा वागळे इस्टेटमध्ये ओ-रिंग विकणाऱ्यांकडे जा, मापाची मिळायची शक्यता चांगली असते. बसवताना रिंगेला सिलिकॉन ग्रीस लावा. पावसात चालवा, जरूर चालवा, ओल्या शेवाळलेल्या दगडावर चालवायला जे कसब लागतं ते कोरड्यावर येत नाही, फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पुसा, आणि शॉक दोन-तीनदा दाबून तेल स्वच्छ आहे ना ते बघा. खाडीच्या चिखलात मात्र घालू नका, खारं पाणी बेअरिंग खातं.

आता शॉक दाबला जात नाही त्याचं. तुम्ही तेल काठोकाठ भरून दांडा पूर्ण बाहेर असताना टोपण लावताय. दांडा आत येतो तेव्हा तो स्वतःची जागा मागतो, तेल दबत नाही, मग दांडा अडतो. जोर केलात तर तेल रिंगेतून बाहेर येईल. शॉक उभा धरा, दांडा खाली ओढा, तेल काठाच्या थोडं खालपर्यंत भरा, पिस्टन अगदी हळू वरखाली करा, जोरात केलं तर फेस होतो. मग दहा-पंधरा मिनिटं तसाच उभा ठेवून द्या, बुडबुडे वर येतात. आता दांडा आत ढकला, जास्तीचं तेल काठावरून सांडेल, कापडाने टिपा, आणि दांडा आत असतानाच टोपण लावा. नंतर दांडा पूर्ण आत जायला हवा आणि सोडल्यावर फार जोरात बाहेर फेकला जाता कामा नये. चारही शॉक एका ओळीत ठेवून दाबून बघा, चारही सारखे वाटेपर्यंत परत उघडायचा कंटाळा करू नका. डावा-उजवा वेगळा राहिला तर ऐरोलीच्या ताईंसारखं तुम्हालाही वाटत राहील की गाडी झुकतेय, आणि कारण मात्र मोटरमध्ये नाही, थेंबभर तेलात असेल.